इंजेक्टरला हात लावण्याआधी

अठरा-वीसचं अ‍ॅव्हरेज देणारी डिझेल गाडी एकाएकी तेरा-चौदावर आली की मालक बहुधा आधी पंपवाल्याला शिव्या घालतो आणि पंप बदलतो. तरीही फरक पडला नाही की गाडी गॅरेजला जाते. तिथे ‘साहेब, इंजेक्टर बघावे लागतील’ हे वाक्य ठरलेलं असतं. इंजेक्टर खराब होतात, नाही असं नाही. पण ते सहसा सावकाश खराब होतात. झिजेमुळे अ‍ॅव्हरेज वर्षा-दोन वर्षांत उतरत जातं आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. आठ-पंधरा दिवसांत चार-पाच किलोमीटरचा फटका बसला असेल, तर त्या दिवसांत काहीतरी घडलेलं असतं. काहीतरी चिकटलं, फाटलं, सुटलं, उंदराने कुरतडलं, नाहीतर कुणीतरी बदललं.

म्हणून शोध तारखेपासून सुरू करायचा. अ‍ॅव्हरेज पडलं त्याच्या आगेमागे गाडीचं काय काय झालं, ते कागदावर लिहून काढा. सर्व्हिसिंग झालं का? टायर बदलले का? गाडी पावसात हॅण्डब्रेक ओढून उभी होती का? कूलंटचं किंवा क्लचचं काम निघालं होतं का? टपावर कॅरिअर चढलं का? मेट्रोच्या कामामुळे रोजच्या रस्त्याला वळसा पडलाय का? समृद्धी महामार्गावरून जा-ये सुरू झाली असेल तर तेही लिहा. तिथे कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे आणि ८० च्या तुलनेत १२० ला हवेचा रोध सव्वादोनपट होतो. जुन्या हायवेवर ८० ने जाणाऱ्या माणसाची गाडी तिथे जास्त डिझेल पिणारच. त्यात बिघाड काही नाही.

आधी नीट मोजा

‘पडलं’ हे कशावरून म्हणताय, हेही तपासायला हवं. जाहिरातीतल्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. २०१८ च्या स्विफ्ट डिझेलचा जाहीर आकडा लिटरला २८.४ किलोमीटर होता. असे आकडे प्रयोगशाळेत, रोलरवर ठरीव चक्रात गाडी चालवून काढतात आणि त्या चक्रातला कमाल वेग ९० असतो. तुमच्या गाडीची तुलना तुमच्याच गाडीच्या जुन्या आकड्याशी, त्याच रस्त्यावर आणि तितक्याच माणसांनिशी करा.

मोजायची रीत जुनीच आहे, टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल. तिच्यात एक खोच आहे. डिझेलला फेस येतो, त्यामुळे नोझल कधी लवकर कट होते, कधी उशिरा. यात लिटरभराचा फरक सहज पडतो. दहा लिटर भरून हिशेब केला तर एका लिटरची चूक म्हणजे दहा टक्के. चाळीस लिटरवर केला तर अडीच टक्के. म्हणून टाकी पाऊण रिकामी होऊ द्या, दोन्ही वेळा तोच पंप आणि शक्यतो तेच मशीन घ्या, पहिल्या कटला थांबा. पंपावरच्या पोऱ्याने वरून राउंड फिगरसाठी डिझेल कोंबायला सुरुवात केली की त्याला आवरा.

टायर नुकतेच बदलले असतील तर त्यांचा साइजही बघा. १८५/६५ आर १५ च्या जागी १९५/६५ आर १५ बसवले तर चाकाचा घेर सुमारे दोन टक्क्यांनी वाढतो. चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, मीटर मात्र जुन्याच हिशेबाने पळतो. वीसचं अ‍ॅव्हरेज कागदावर १९.६ दिसायला लागतं. मोबाइलच्या जीपीएसवर वीस-पंचवीस किलोमीटरचं अंतर पडताळून बघितलं की हे कळतं.

पंपाच्या मापाबद्दल शंका असेल तर ती तिथेच मिटवता येते. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं. त्यात भरून दाखवा म्हणण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतची तूट चालते, म्हणजे अर्धा टक्का. त्याच्या आत असलेला पंप तुमचं अ‍ॅव्हरेज पंचवीस टक्क्यांनी पाडू शकत नाही.

दोन प्रश्न, ज्यांनी अर्धा शोध संपतो

पहिला प्रश्न पिकअपचा. गाडी पूर्वीसारखीच ओढते आहे का? पिकअप तसाच आणि अ‍ॅव्हरेज तेवढं गेलं असेल तर थर्मोस्टॅट, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा गाळणा), डिझेलची गळती या दिशेने जा. पिकअपही बसला असेल, चढावर गिअर उतरवावा लागत असेल, मागून काळा धूर दिसत असेल, तर हवेच्या मार्गाकडे बघा. धूर नाही, पण गाडी कुणीतरी मागे धरून ठेवल्यासारखी जड वाटत असेल तर ब्रेक.

दुसरा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही आणि मला तो सगळ्यात कामाचा वाटतो. डॅशबोर्डवरचा डिस्प्ले काय अ‍ॅव्हरेज दाखवतोय? डिस्प्ले टाकीतलं डिझेल मोजत नाही. ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या संगणकाने, इंजेक्टरला किती डिझेल सोडायला सांगितलं, त्याची तो बेरीज करतो. टाकीच्या हिशेबाने अ‍ॅव्हरेज चौदावर आलं आणि डिस्प्ले अजून एकोणीसच दाखवतोय, असं असेल तर ईसीयूच्या नकळत डिझेल जातंय. पाइप गळतोय, टाकीतून कुणी काढतंय, पंपावर कमी मिळतंय किंवा इंजेक्टर सांगितल्यापेक्षा जास्त सोडतोय. दोन्ही आकडे बरोबरीने पडले असतील तर ईसीयू स्वतःच जास्त डिझेल मागतोय. त्याला तसं करायला भाग पाडणारं काहीतरी शोधायचं, मग ते चाकाजवळ असेल, थर्मोस्टॅटमध्ये असेल नाहीतर हवेच्या नळीत. डिस्प्ले मुळातच थोडा आशावादी असतो, एखाद-दीड किलोमीटर जास्त दाखवतो. त्यामुळे आकड्यापेक्षा दोहोंतलं अंतर वाढलंय का, ते बघा.

चाकं आणि ब्रेक

टायरमधली हवा थंड टायरवर, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे भरा आणि पुढे चला. सर्व्हिसिंगनंतर अ‍ॅव्हरेज पडलं असेल तर हवा हमखास बघा. धुताना-पुसताना कुणी ती कमी केलेली असू शकते.

ब्रेकला मात्र वेळ द्या. कोकण किनारपट्टीवर, मुंबईत, गोव्यात खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी कॅलिपरच्या पिना गंजतात. ब्रेक दाबला की पॅड डिस्कला लागतात, पण पाय काढल्यावर पूर्ण सुटत नाहीत. मागच्या ड्रमचं वेगळंच असतं. हॅण्डब्रेक ओढून गाडी पावसात आठवडाभर उभी राहिली की शू ड्रमला चिकटतात, केबल आपल्या नळीत अडकते. निघताना ‘खट्ट’ असा आवाज येतो, गाडी सुटते आणि आपण विसरून जातो. एखादं चाक अर्धवट धरलेलंच राहतं.

तपासायला गॅरेजची गरज नाही. मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर जा, शेवटचा टप्पा शक्यतो ब्रेक न लावता काढा आणि गाडी थांबवा. चाकांच्या रिमजवळ हात न्या. डिस्कला हात लावू नका, भाजेल. पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असतातच, तुलना डाव्या-उजव्यांत करायची. डावं कोमट आणि उजव्याजवळ हात धरवत नसेल तर चोर सापडला. लांबून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड गन मिळाली तर काम आणखी सोपं. मग ते चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. थोडं घासल्याचा आवाज चालतो, पण ढकलल्यावर एक-दोन फेरेही न घेता थांबत असेल तर कॅलिपर खोलून पिना साफ करून ग्रीस लावून घ्यायच्या. नुसते पॅड बदलून हा आजार जात नाही. पुढच्या पावसाळ्यात गाडी जास्त दिवस उभी करायची असेल तर सपाटीवर, गिअरमध्ये टाकून, चाकाला दगड लावून ठेवा आणि हॅण्डब्रेक सोडा.

क्लच घसरतोय का, हेही याच फेरीत बघून घ्या. चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने चढावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उडी मारतोय आणि वेग तिथेच, असं झालं तर क्लच गेला.

थंड राहणारं इंजिन

आपल्याकडे गाडी गरम होण्याची इतकी धास्ती आहे की कित्येक मिस्त्री थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. ‘आता गाडी कधी गरम होणार नाही,’ असं वर सांगतात. खरंच होत नाही, पण तीच अडचण आहे. डिझेल इंजिनला कूलंटचं तापमान साधारण ८० ते ९० अंश लागतं. त्याखाली ते राहिलं तर ईसीयूला वाटतं की इंजिन अजून सकाळचंच थंड आहे. मग तो त्या हिशेबाने डिझेल सोडत राहतो, ऑइल घट्ट राहतं आणि घर्षण वाढतं. थर्मोस्टॅट उघडा अडकला तरी परिणाम हाच. पिकअपला काही होत नाही, डॅशबोर्डवर बिघाडाचा दिवा लागेलच असं नाही, फक्त डिझेल जातं.

ओळखायचं असं. सकाळी गार इंजिन सुरू करा, बॉनेट उघडा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड नळीवर पंख्यापासून सांभाळून हात ठेवा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर ती नळी बराच वेळ गार राहते आणि मग एकदम तापते. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेली तर पाणी सुरुवातीपासूनच फिरतंय. चालत्या गाडीत काटा मध्यावर येऊन घाट उतरताना पुन्हा खाली जात असेल तर शंका नको. नव्या गाड्यांत काटाच नसतो. त्यांना ओबीडी लागतो.

ओबीडी म्हणजे स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसणारं ब्लूटूथचं छोटं यंत्र. ते मोबाइलवरच्या अ‍ॅपशी जोडलं की ईसीयूला जे दिसतं ते तुम्हालाही दिसतं, म्हणजे कूलंटचं तापमान, आत जाणारी हवा, टर्बोचा दाब, रेलमधला दाब. त्याची किंमत एखाद्या टाकीच्या डिझेलपेक्षा कमी असते. दिवा न लागताही बिघाडाचे काही कोड ईसीयूत साठून राहिलेले असतात. पी ०१२८ आला तर कूलंट तापत नाही, पी ०२९९ आला तर टर्बोचा दाब कमी, पी ०४०१ ईजीआरमधून (जळालेला वायू पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या वाल्वमधून) पुरेसा प्रवाह नसल्याचा, पी ०१०१ हवा मोजणाऱ्या सेन्सरचा. कोड आला की तो भाग बदला, असं समजू नका. कोड फक्त कुठे बघायचं ते सांगतो. पी ०१०१ आला म्हणून हजारो रुपयांचा सेन्सर बदलणारे पुष्कळ आहेत. त्यातल्या कित्येकांच्या गाडीत फिल्टरच्या डब्यापुढची नळी नुसती सैल असते.

हवा कुठे जाते?

सर्व्हिसिंगनंतर लगेच अ‍ॅव्हरेज पडलं असेल तर एअर फिल्टरचा डबा स्वतः उघडून बघा. क्लिपा नीट बसल्या आहेत का, फिल्टर वाकडा तर नाही ना, सेन्सरचा प्लग लागलाय का, नळीचा क्लॅम्प घट्ट आहे का. डब्यात उंदराने कागद-चिंध्या भरून घर केलेलं सापडणं ही पावसाळ्यातली नेहमीची गोष्ट. सेन्सर साफ करायचाच असेल तर त्याचा खास स्प्रे वापरा. पेट्रोल, ब्रश, कॉम्प्रेसरची हवा, हे सगळं त्याच्या बारीक घटकाला मारक.

त्यापुढे टर्बोपासून इंटरकूलरकडे आणि तिथून इंजिनकडे जाणाऱ्या नळ्या. यातली एखादी बरीच खाली, बंपरमागे असते आणि स्पीडब्रेकरवर घासते. ती चिरली की टर्बोने दाबलेली हवा बाहेर जाते. ईसीयूने त्या हवेच्या हिशेबाने सोडलेलं डिझेल नीट जळत नाही आणि मागे काळा धूर पडतो. ही चीर उभ्या गाडीत रेस करून सापडत नाही, कारण लोड नसताना टर्बो फारसा दाब धरतच नाही. तिसऱ्या गिअरमध्ये, काच उघडी ठेवून, चढावर जोर द्या आणि ‘स्स्स’ असा लांब सुस्कारा ऐकू येतो का बघा. नंतर बॅटरीच्या उजेडात नळ्यांच्या सांध्यांवरून बोट फिरवा. टर्बोमधून येणाऱ्या हवेत ऑइलचा अंश असतो, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट काळा डाग पडलेला सापडतो. बारीक व्हॅक्यूम पाइपही बघा. टर्बोचा अ‍ॅक्चुएटर त्यावर चालत असेल आणि तो पाइपच उंदराने कुरतडला असेल तर टर्बो बरा असूनही मेल्यासारखा वागतो. दीड-दोन फुटांच्या रबरी पाइपचा प्रश्न असताना टर्बो उतरवलेल्या गाड्या कमी नाहीत.

ईजीआर वाल्व काजळीने उघडा अडकला तरी काळा धूर आणि कमी पिकअप ही जोडी दिसते. तो खोलून साफ करता येतो. बंद करून टाका म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

बीएस ६ गाडी असेल तर

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. मारुतीने त्या वेळी डिझेल सोडलंच. रांजणगावच्या कारखान्यात बनणारं फियाटचं १.३ मल्टीजेटही त्याच सुमाराला थांबलं. ज्यांनी डिझेल ठेवलं त्यांच्या गाड्यांत डीपीएफ आला. हा सायलेन्सरच्या मार्गातला गाळणा काजळी अडवतो आणि भरत आला की ईसीयू जादा डिझेल सोडून त्याचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी जाळतो. याला गॅरेजमध्ये ‘रिजन’ म्हणतात. हे डिझेल गाडी पुढे नेण्यासाठी नसतंच. काही शे किलोमीटरला एकदा रिजन झालं तर ते जाणवत नाही, शंभराच्या आत होऊ लागलं तर अ‍ॅव्हरेज कोसळतं.

रिजन चालू असल्याच्या खुणा लपत नाहीत. सिग्नलला उभं असताना आरपीएम नेहमीपेक्षा शे-दीडशे जास्त, तत्काळ अ‍ॅव्हरेजचा आकडा खाली, गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरतो आणि करपट वास येतो. पुण्यात कोथरूडहून डेक्कनला जाऊन येण्यासारख्या छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत रिजन दर वेळी अर्धवट तुटतं. अर्ध्यावर किल्ली फिरवली की पुढच्या फेरीत ईसीयू पुन्हा पहिल्यापासून डिझेल सोडतो. उपाय म्हणून आठवड्या-पंधरवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास, आरपीएम दोन हजारांच्या वर ठेवून, सलग चालवा.

तसं करूनही रिजन वारंवार होत असेल तर डीपीएफला दोष देऊ नका. काजळी इतकी का बनतेय, ते बघा. चिरलेली नळी, अडकलेला ईजीआर, न तापणारं इंजिन, यातलं एखादं कारण मागे असतं. डीपीएफचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची रबरी नळी तडकली तरी ईसीयूची दिशाभूल होते. आणि डिपस्टिक काढून ऑइलची पातळी बघा. ऑइल कमी होण्याऐवजी वाढलं असेल, त्याला डिझेलचा वास येत असेल, तर अर्धवट रिजनचं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरतंय. गाडी तशीच दामटू नका. पातळी फार वाढली की इंजिन तेच ऑइल ओढून बेफाम रेस होऊ शकतं. ऑइल बदलताना डीपीएफला चालणारं, कंपनीने सांगितलेल्या स्पेसिफिकेशनचंच घ्या.

आता इंजेक्टर

इथवर काहीच सापडलं नाही, किंवा डिस्प्ले आणि टाकी यांच्या हिशेबात मोठी तफावत निघाली, तरच इंजेक्टरकडे वळा. तिथेही आधी डोळ्यांनी बघा. इंजेक्टरच्या डोक्यावरून जाणारे बारीक रिटर्न पाइप उष्णतेने कडक होतात, तडकतात आणि इंजिनवर डिझेल झिरपतं. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर आणि सुरू करताना ‘फक्-फक्’ आवाज असेल तर तांब्याचा वॉशर गेलाय.

गॅरेजमध्ये रिटर्न टेस्ट करतात. चार इंजेक्टरच्या रिटर्नला चार बाटल्या लावून कुणाचं डिझेल जास्त परत येतंय ते बघतात. टेस्ट चांगली, पण तिच्यावरून निघणारा ‘रिटर्न जास्त, म्हणून अ‍ॅव्हरेज कमी’ हा निष्कर्ष घाईचा असतो. रिटर्नचं डिझेल टाकीतच परत जातं, वाया जात नाही. रिटर्न जास्त असलेल्या गाडीला सुरू व्हायला त्रास होतो, रेलचा दाब टिकत नाही. अ‍ॅव्हरेज खाणारा इंजेक्टर वेगळा. त्याचा नोझल बंद झाल्यावरही ठिबकतो किंवा फवाऱ्याऐवजी धार सोडतो. तिथे आयडलिंगला इंजिन थरथरतं, ठोकल्याचा आवाज येतो, धूर पडतो. स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरची दुरुस्ती मात्रा दिसते, म्हणजे ईसीयू कुणाला किती कमी-जास्त डिझेल देऊन इंजिन समतोल ठेवतोय ते. एकाचा आकडा इतर तिघांपासून फटकून असेल तर तेवढाच इंजेक्टर काढून पंप-नोझलच्या चांगल्या लॅबमध्ये बेंचवर तपासून घ्या आणि आकड्यांचा छापील कागद मागा.

बदलावाच लागला तर त्या इंजेक्टरवर अक्षरं-अंक कोरलेला एक कोड असतो. बहुतेक कॉमन रेल इंजिनांत तो स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो, नाहीतर ईसीयू नव्या इंजेक्टरला जुन्याच्या मापाने डिझेल देत राहतो. तो कोड बिलावर लिहून घ्या आणि ईसीयूत भरलेला कोड स्क्रीनवर पाहूनच गाडी ताब्यात घ्या.